न सुरकुतणारं बोट

पाण्यात हात भिजला की बोटांना सुरकुत्या पडतात, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. का पडतात ते मला मात्र पंचविशी उलटल्यावर कळलं, तेही हात कापून घेतल्यावर.

रायपूर तेव्हा नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. नवी कार्यालयं, नवे साहेब, त्यांच्या बायका. गुढ़ियारीतल्या आमच्या पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन दिवसभर चालायची. एकदा भांडी घासताना काचेचा ग्लास हातातच फुटला. तळहाताला टाके पडले, जखम भरली, तर्जनी हलायलाही लागली. पण तिला काही कळेना. एका साहेबीणबाईंच्या पांढऱ्या ब्लाऊजवर रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा कुठे मला सुई टोचल्याचं समजलं.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हात अर्धा तास कोमट पाण्यात बुडव. कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून सुरकुत्या पडतात, असं मीही समजत होते. तसं नसतं म्हणे. आतला मज्जातंतू इशारा देतो, रक्ताच्या बारीक नळ्या आक्रसतात आणि वरची कातडी आत ओढली जाते. तंतू तुटलेला असला तर बोट कितीही भिजवा, गुळगुळीतच राहणार; तो पुन्हा जुळला तरच सुरकुत्या परत येणार.

मग सुरकुती दिसते का ते बघायला रोज बादली घेऊन बसायचं. बाकीची बोटं मनुक्यांसारखी व्हायची, तर्जनी मात्र जशीच्या तशी. शेजारच्या काकूंनी एकदा हात पाहिला.

"अवो, हेच बोट तेवढं बरं झालं. बाकीचे तर पार खराब झाले!"

आईला ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या धडधाकट बोटांना खोबरेल चोळायला लागली. मला हसू आलं आणि लगेच रडू कोसळलं.

मोठा भाऊ रेल्वेत होता. तो एके दिवशी चिडला. "काहून पाण्यात हात घालून बसून राहिली? मेलं ते बोट. मशीन विकून टाक."

"बोट मेलं, मी नाही मेली," मी म्हटलं.

बादली मी त्याच दिवशी बंद केली. एका मुक्या बोटाची किती मनधरणी करायची? तर्जनीवर धातूची टोपी चढवली, कापड मधल्या बोटानं धरायला शिकले. शिवण वाकडी गेली की उसवायची, पुन्हा घालायची. हात सांगत नव्हता ते डोळ्यांनी बघायचं. मान मोडून यायची, पण माझा हट्ट काही मोडला नाही.

महिनाभरानं भावानं मला न विचारता एका बाईंना घरी आणलं. "ह्या मशीन पाहाले आल्या," तो म्हणाला. मी उठले नाही. त्यांच्यासमोरच एका ब्लाऊजची बाही लावून घेतली, दोरा तोडला आणि ब्लाऊज त्यांच्या हातात दिला. त्यांनी शिवण उलटून पाहिली, भावाकडे पाहिलं आणि पिशवीतून कापड काढलं.

"मशीन रहने दो भैया," त्या म्हणाल्या. "दीदी, मेरा नाप ले लो."

भाऊ दोन दिवस मशीनकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आले, तर तो जमिनीवर मांडी घालून मशीनला तेल देत होता.