अंगारा चांगल्या बाजूला

माझी श्रद्धा तेव्हा जरा हट्टी होती. उजव्या जांघेत अंतर्गळ झाला होता. भातशेताच्या चिखलणीत जोर लागला की आतड्याची गाठ लिंबाएवढी बाहेर यायची आणि आडवा झालो की गुपचूप आत जायची. कापण्यावाचून इलाज नाही, असं गावच्या वैद्यांनीही सांगितलं. मला वाकता आलं नाही तर शेत कोण लावणार, या धास्तीने मी ग्रामदेवीवर भार टाकला आणि ठरवलं, आता आपण बोलायचं नाही, सगळं तिनं पाहायचं.

म्हसळ्याहून बैलगाडीने किनाऱ्यावरच्या इस्पितळात पोचलो. शेजारच्या खाटेवर हात मोडलेला, मचवा हाकणारा म्हातारा तांडेल होता. देवीवर भार टाकून मी डॉक्टरांशीसुद्धा नुसती मान हलवतो हे कळल्यावर तो म्हणाला, "दादा, देवीनं जीब दिली ती निसती परसाद खायाला काय?" मला राग आला, पण हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी मला टेबलावर निजवलं. तपासणारे डॉक्टर परगावी गेले होते, कापणारे दुसरेच होते. आमच्याकडे दुखऱ्या अंगाला अंगारा लावत नाहीत. दुखणं पलीकडे जाऊ नये म्हणून चांगल्या अंगाला लावतात. बायकोने तो माझ्या डाव्या जांघेवर फासला होता आणि मी कुणाला पुसू दिला नव्हता. गाठ तर आत गेलेली. डॉक्टरांना अंगारा दिसला आणि तीच दुखरी बाजू समजून त्यांनी तिथेच औषध लावायला घेतलं. बोललो तर देवीवर अविश्वास, न बोललो तर धड बाजूवर सुरी! क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाशी आला आणि तांडेलाचं ते बोलणं आठवलं. मी ओरडलोच, "सायेब, ती न्हाय! उजवी हाय, उजवी!"

डॉक्टर थबकले. मला उभं करून खोकायला लावलं, तशी गाठ उजवीकडे टपकन बाहेर आली. अंगाऱ्याची रीत सांगितल्यावर ते घाम पुसत हसले. "बरं झालं बोललात. आता प्रत्येकाला आधी दुखरी बाजू स्वतःच्या हाताने दाखवायला लावीन."

शुद्धीवर आलो तेव्हा शेजारची खाट रिकामी होती. तांडेल घरी गेला होता आणि त्याचं नावही विचारायचं राहिलं. तो कोण, देवीनेच धाडलेला का, याची चर्चा मी करत नाही. भार टाकल्यावर देवीने माझीच जीभ कामाला लावली, एवढं मला कळलं.

पुढच्या पावसाळ्यात लावणी मीच केली. नंतर देवळात गेलो, प्रसाद जिभेवर ठेवला आणि डोळे भरून आले. इतका गोड तो कधीच लागला नव्हता.