वादळाच्या डोळ्यात वाजलेली थाळी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुसुममावशीचे. रायपूरच्या गोल बाजारात तिचं भांड्यांचं दुकान आहे. त्यामागच्या खोलीत तिने मला वाढवलं, शिकवलं, घरातला पहिला पदवीधर केलं. तिची देवीवर श्रद्धा आहे. माझी आहे का, असं कोणी विचारलं असतं तर मी गोंधळलो असतो. आजही गोंधळतो, पण वेगळ्या कारणाने.

मी आणि माझे तीन साथीदार, असे आम्ही चौघं रायपूरहून चक्रीवादळांची नोंद करायला ओडिशाच्या किनाऱ्यावर जातो. निघण्याआधी शहराबाहेर वसवलेल्या 'नवा रायपूर'च्या मोकळ्या रस्त्यांवर सराव करतो. वारा मोजायचं यंत्र खांबावर चढवून दोरांनी ताणायचं, कॅमेरे प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे, गाडी भिंतीच्या आडोशाला लावायची. वादळात फोन बंद पडतात, म्हणून बाहेर गेलेल्याला परत बोलावण्याची खूणही ठरलेली असते: काशाची थाळी वाजवायची.

यंदा ती मी मावशीकडे मागितली. "काहून रे पोट्ट्या, वारा पाहाले समुद्रापर्यंत जाऊन राहिला? छतावर जाऊन बस ना," ती म्हणाली. मग आरतीच्या वेळी वाजवायची स्वतःची थाळीच तिने माझ्या हातात दिली. "दुकानातल्या पातळ आहेत. हिचा आवाज दूर जाते."

किनाऱ्यावरच्या एका गावात, शाळेच्या पक्क्या इमारतीत, गावकऱ्यांसोबत आम्ही थांबलो. दुपारभर भिंती थरथरत होत्या. संध्याकाळी अचानक सगळं शांत झालं. वादळाचा डोळा आमच्यावर आला होता. डोळा म्हणजे मधली शांत जागा. ती सरकली की वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो. आमच्यातला वयाने सर्वांत मोठा, अविनाश भैया, वारा मोजायच्या यंत्राचा खांब पाहायला बांधावर गेला. मी हवेचा दाब दाखवणाऱ्या यंत्रासमोर बसलो. डोळा सरकू लागला की दाब वाढतो; आकडा चढू लागला की थाळी वाजवायची, एवढंच माझं काम.

आकडा हललाच नाही. मला वाटलं, आपण अगदी मध्यभागी आहोत, अजून वेळ आहे. यंत्र पाणी शिरून केव्हाच अडकलं होतं, हे मला नंतर कळलं. मी त्या आकड्याकडे विश्वासाने पाहत राहिलो. एवढ्यात गावकऱ्यांतली एक म्हातारी बाई आली, माझ्या मांडीजवळची थाळी तिने उचलली आणि एका लाकडी काठीने ती वाजवू लागली. मी तिला थांबवायला उठलो. भैयाला चुकीचा इशारा जाईल, याची मला भीती वाटली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिचे डोळे मिटलेले होते.

भैया धावत आला. त्याने दार लावलं न लावलं तोच वारा पलीकडून आदळला. बांधावरचा खांब आम्हाला पुन्हा दिसला नाही.

"सही टाइम पे बजाया रे तूने," तो धापा टाकत म्हणाला.

"मी नाही वाजवली, भैया."

"तो क्या देवी ने बजाई?" तो हसला. मी हसू शकलो नाही.

नंतर शाळेतल्या मास्तरांनी म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, दिवेलागण झाली होती, घरी रोज या वेळी देवापुढे थाळी वाजवते. त्यात चमत्कार काही नाही. तिला आमची खूण माहीत नव्हती, मला तिची वेळ माहीत नव्हती. तरी भैया माझ्यासमोर बसून ओले मोजे पिळत होता. हे कोणत्या खात्यात टाकायचं, ते मला उमगेना.

फोन बंदच होते. रायपूरला निघालेल्या एका ट्रकचालकाजवळ मी मावशीला हे पत्र दिलं:

"मावशी, आम्ही चौघंही ठीक आहोत. तुझी थाळी वाजली, भैया वाचला. पण ती मी नाही वाजवली. मी आकडा पाहत बसलो होतो आणि वाजवणाऱ्या बाईला थांबवाले उठलो होतो. हे देवीने केलं का, मले माहीत नाही. तू समोर असती तर तुले विचारलं असतं. थाळीची कड थोडी चेपली आहे, रागावू नको. पुढच्या वेळी पुन्हा देशील ना? आता मी ती माझ्याजवळ नाही ठेवणार. खोलीच्या मधोमध ठेवीन, कोणाच्याही हाताला लागेल अशी."