नामदेवची विहीर

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोरही नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर आधी मॅडमबद्दल सांगू द्या — त्यांच्याबद्दल बोलताना निदान जीभ अडखळत नाही.

दिग्रसहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका पेट्रोल पंपावर मी एकवीस वर्षं मॅनेजर होतो. पंपामागे नामदेवचं दीड एकर. विहिरीच्या पाण्यावर तो मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायचा आणि दिग्रसच्या बाजारात विकायचा. एका पावसाळ्यात त्या पाण्यावर तवंग आला. वास डिझेलचा. बाजारात त्याच्या भाजीला कोणी हात लावेना. तक्रार झाली, आणि तपासाला नागपूरहून माती-पाणी तपासणाऱ्या मॅडम आल्या.

काय बाई होत्या त्या! वय तीस-बत्तीस. हातातलं गिरमिट फिरवून पुरुषभर खोलीवरची माती वर काढायच्या, नाकाशी धरायच्या, काचेच्या बरणीत भरून वर जागा नि खोली लिहायच्या. चिखलात गुडघे टेकून बसायच्या. मी खुर्ची नेऊन दिली, तर तिच्यावर त्यांनी बरण्या मांडल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी डिपची, म्हणजे टाकीतल्या डिझेलच्या रोजच्या मापाची वही मागितली. वही लख्ख होती. का होती — तेच तर सांगायचंय.

रोज सकाळी सहाला टाकीत डिपची काठी सोडायची, ओल कुठवर चढली ते वाचायचं, लिहायचं. माझ्या डिपचा दबदबा होता. मालक चारचौघांत सांगायचा, याच्या आकड्यावर डोळे मिटून सही करा. त्या पावसाळ्याआधीच्या उन्हाळ्यात विक्रीपेक्षा डिझेल जास्त घटायला लागलं. पहिल्या दिवशी वाटलं, काठी तिरपी गेली असेल. दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या? चौथ्या दिवसापासून मी काठीवरचा आकडा लिहिणं सोडलं. जो यायला हवा होता, तो लिहू लागलो. खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? मॅनेजरचा डिप चुकला, असं कोणीतरी म्हटलं असतं. तेवढंही मला सोसवलं नसतं.

वही बरोबर, म्हणजे पंप बरोबर. मग संशय गेला नामदेवच्या विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनावर. गेला कसला — मीच बोट दाखवलं. नामदेव चार लोकांसमोर खाली मान घालून म्हणाला, "माह्याच हातानं सांडलं असन बाप्पा. मले समजलं नाही." इंजिन त्यानं भंगारात देऊन टाकलं. घरात कोणाशी धड बोलेना.

मॅडम तीन आठवडे विहिरीभोवतीच खोदत राहिल्या, माझ्या वहीपायी. पण त्यांनी शेवटी विश्वास ठेवला तो मातीवर. पंपाच्या बाजूला सरकावं तसा बरण्यांतला वास वाढत होता. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. त्या ओढाताणीत पाइप तुटला असणार, म्हणत त्यांनी पंपाची फरशी फोडायला लावली. खाली पाइपचा सांधा निखळलेला. मला एवढंच म्हणाल्या, "काका, वही आणि माती जुळत नाहीत. काही आठवतंय का तुम्हाला?"

मी नाही म्हणालो. त्या बरण्या उचलून कामाला लागल्या.

आणि काय काम! खराब माती उकरून जाड प्लास्टिकवर पसरली, शेणखत मिसळलं, पाणी मारलं. मातीतलेच बारीक जीव डिझेल खाऊन टाकतात म्हणे; त्यांना हवा मिळावी म्हणून ती सारखी उलथावी लागते. विहीर उपसून पाणी कोळशाच्या पिंपांतून गाळलं. माती उलथायला रोज नामदेव यायचा. मजुरी नको म्हणाला. पुढे तपासणीत माती स्वच्छ निघाली, तेव्हा मॅडमनी तपासणीचा कागद आधी त्याच्या हातात दिला, मालकाच्या नाही. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

चूक तुमची नाही, असं त्यांनी त्याला पाइप सापडला त्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. पण त्याचा भरवसा माझ्यावर. इतक्या वर्षांचा शेजार. माती उलथायचं काम चालू असताना एका दुपारी तो फावडं टेकवून माझ्याजवळ आला.

"मॅनेजरसाहेब, मॅडम माह्यं मन राखाले म्हणत असतीन. तुम्ही खरं सांगा. थोडी तरी चूक माही होती ना?"

आजूबाजूला कोणी नव्हतं. सांगता आलं असतं — नाही का?

"असन थोडीशी," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली आणि परत माती उलथायला गेला. दोन वर्षांपूर्वी नामदेव वारला. थोडीशी चूक आपली होती, असं धरूनच गेला. त्याची काहीच नव्हती.