महादेवावर रुसलो होतो ते वर्ष

त्या वर्षी मी महादेवावर रुसलो होतो. कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, कारण जे मागितलं होतं तेच त्यानं दिलं होतं. अर्जुनी मोरगावच्या बाजूला आमचं खेडं. दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवून कंटाळलो तेव्हा प्रतापगडाच्या महादेवाला म्हणालो होतो, देवा, गोंदियाला कुठंतरी काम लावून दे, मी दर शिवरात्रीला गड चढून येईन. वर्षाच्या आत काम लागलं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी तिशीच्या आत होतो आणि शहरात काम लागलं म्हणून गावभर मिरवून आलो होतो. ते कसलं काम होतं हे मला पहिल्याच हंगामात कळलं.

मिल उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची होती. हौदात भिजलेलं धान वाफेवर शिजायचं आणि मग सिमेंटच्या मोठ्या पटांगणावर उन्हात पसरायचं. अकरा बाया ओळीनं, अनवाणी पाय ओढत ते धान दिवसभर परतायच्या. चप्पल घातली तर दाणा चेंगरतो म्हणून चप्पल नाही. माझं काम त्यांच्यावर लक्ष ठेवायचं आणि धान केव्हा सुकलं ते सांगायचं. त्यासाठी दाणा दाढेखाली धरून चावून बघावा लागे. मऊ दबला तर ओला आहे, कट्‌ असा आवाज करून दोन तुकडे झाले तर लगेच उचलायचा. वेळ चुकली आणि ऊन जास्त लागलं की हलरमधून, म्हणजे साल काढायच्या यंत्रातून, तांदळाऐवजी कणीच पडते. सगळ्या मिलची इभ्रत माझ्या एका दाढेवर होती असं मी तेव्हा समजत होतो.

मालक दोघे भाऊ होते, बडे सेठ आणि छोटे सेठ. दोन वर्षांत दोघांपैकी एकानंही मला नावानं हाक मारली नाही. "ए धानवाले" एवढंच. वाईट बोलायचे असंही म्हणवत नाही, कारण वाईट बोलायला माणसाकडे बघावं तरी लागतं. बायांचे पाय भाजून फोड यायचे, हौदावरच्या माणसांची बोटं पाण्यानं कुजायची, आणि सेठ त्यांच्यामधून पोत्यांकडे बघत निघून जायचे. मला मिलच्या मागची एक खोली मिळाली होती. तिथं माझी बायको होती आणि तिला सातवा महिना होता. खोली कामाबरोबर मिळाली होती, कामाबरोबर जाणार होती. त्यामुळे मी सगळं गिळत होतो. गिळलेलं कुठंतरी बाहेर पडतंच, माझं बायांवर पडत असे. "पाय उचल, पाय काय लग्नात नाचायला आणलेस?" असं मी माझ्या आईच्या वयाच्या बाईला बोललो आहे. हे लिहिताना आजही लाज वाटते.

त्या माघात माझी ती दाढच दुखायला लागली. आठ दिवसांत गाल सुजला, अंगात ताप राहू लागला. दवाखान्यात जायला अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली तर छोटे सेठ हसून म्हणाले, "दाँत से तेरे को क्या काम है? मुँह बंद रख और धान देख." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यांच्या मिलमधलं धान कशावरून सुकलं म्हणतात, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. मला हसू आलं नाही. सांगावंसंही वाटलं नाही. चावता येत नाही असं कळलं तर दुसरा कुणी उभा करतील आणि खोली जाईल, ही भीती होती. म्हणून मी दाणा तोंडात टाकून चावल्याचं सोंग करायचो आणि मूठभर धान तळहातावर चोळून अंदाजानं सांगायचो. आश्चर्य म्हणजे तांदूळ चांगला निघत राहिला. मला उगाच घमेंड चढली की आता मला दाढेचीही गरज उरली नाही.

बायांमध्ये सगुणाबाई नावाची एक होती. गोंदियाजवळच्या कामठ्याची, विधवा, चाळिशीच्या पुढची. ओळीत पहिली चालायची आणि चालता चालता बाकीच्यांशी बोलत राहायची. एके दिवशी बडे सेठनी सगळ्यांसमोर मला झापलं, कुठलंतरी पोतं उघडं राहिलं म्हणून. ते गेल्यावर ती जवळून जाताना म्हणाली, "भाऊ, सुकला. आता उचलून घेऊ." झापणं ताजं होतं. मी तिच्यावर ओरडलो, "मला शिकवू नको. ओलं आहे. अजून फिरव." तापलेल्या हाताला धान खरंच गार, ओलसर लागत होतं. मी ते आणखी बराच वेळ उन्हात ठेवलं. दुसऱ्या दिवशी हलरखाली कणीचा ढीग पडला.

छोटे सेठ आले. "किसकी गलती?" मी क्षणभरही थांबलो नाही. म्हणालो, "सगुणाबाई बराबर नहीं फिराती, एक जगह जल गया." त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. मुनीमाला म्हणाले, "कल से इसको मत बुलाना." सगुणाबाईनं पदरानं पाय पुसले, टोपली उचलली आणि गेली. मी पाठ फिरवून धान चोळत उभा राहिलो.

शिवरात्रीला सेठांच्या घरी मोठी पूजा असे, म्हणून मिल बंद. मी बायकोला सांगून टाकलं की यंदा गडावर जाणार नाही, माझं आणि देवाचं काही उरलेलं नाही. ती शांतपणे माझा धोतरजोडा घडी करत होती. म्हणाली, "राग आहे तं समोर जाऊन सांगा ना. अथी बसून मलेच कायले सांगता?" मग जाणं भाग पडलं.

छोट्या लाइनच्या गाडीनं अर्जुनीला उतरलो आणि जत्रेच्या माणसांबरोबर पायी निघालो. छकडी, टोपल्या, खांद्यावर त्रिशूळ घेतलेले लोक, "हर बोला"चा गजर. मी मनात देवाला सांगायची यादी जुळवत होतो. गडाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत यादी राहिली नाही, फक्त गाल राहिला. डोळ्यांपुढं काळोखी आली तसा एका झाडाखाली बसलो. वर महादेवाकडे आणि गडावरच्याच दर्ग्याकडे जाणाऱ्यांची रांग दिसत होती. तेवढं चढणं आपल्याला जमायचं नाही असं वाटून मला रडू आलं.

शेजारीच रानाकडच्या एका कुटुंबानं चूल मांडून रताळी उकडायला ठेवली होती. त्यांच्यातला एक म्हातारा उठून माझ्यासमोर येऊन बसला. दोन बोटांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, आपण बैलाचं बघतो तसं. "कव्हापासून?" म्हणाला. मी तीन बोटं दाखवली, तीन आठवडे. त्यानं चुलीवरून गरम पाणी घेतलं, त्यात मीठ आणि बाभळीची साल टाकली, आणि मला गुळण्या करायला लावल्या. एकदा, दोनदा, दहादा. मी नको म्हणालो की तो "अजून" म्हणायचा. शेवटी आतलं गळू फुटलं. घाण बाहेर पडली आणि डोक्यातला ठणका एकदम उतरला. इतके दिवस ज्याच्यासाठी तरसलो होतो ती सुटका झाली आणि मी लहान मुलासारखा हुंदके देऊन रडलो.

गोंदियाला मिलमध्ये कामाला आहे एवढं मी सांगितलं, तसा म्हातारा म्हणाला, "मालकाले सांगतला नाही का?"

"सांगितलं. त्यांनी तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही." आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं. सेठ, दाढ, कणी, सगुणाबाई. मला वाटलं तो सेठांना शिव्या देईल. तो रताळं सोलत होता. सोलता सोलता म्हणाला, "अन् तिले काढला तवा तू तिच्या तोंडाकडे पाहिला का?"

उत्तर त्यालाही ठाऊक होतं. त्यानं अर्धं रताळं कुस्करून माझ्या हातावर ठेवलं आणि आपल्या माणसांत जाऊन बसला.

मी गड चढलो. महादेवासमोर उभा राहिलो तेव्हा तक्रारीतला एक शब्दही आठवेना. डोकं टेकवलं आणि एवढंच म्हणालो, "देवा, माझं चुकलं, आता तूच काय ते बघ." लोक सांगतात की असा माणूस मागाहून शोधला तर सापडत नाही. माझा सापडला. खाली उतरलो तेव्हा त्याच झाडाखाली नातवाला रागवत होता. मी पाया पडलो तर तो ओशाळून म्हणाला, "जा बाबू, गाडी चुकन." त्याला ठाऊकही नसेल त्यानं काय केलं ते. पण त्याची दोन बोटं माझ्या हनुवटीला लागली तेव्हा मला कुणीतरी बघितलं, हे मला आजही जाणवतं. ते बघणारं कोण होतं याचा वाद मी कुणाशी घालत नाही.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये न जाता, कुणाला न विचारता, मी सरळ कामठ्याची वाट धरली. सगुणाबाई भावाच्या अंगणात बसून सुपानं तांदूळ पाखडत होती. मी तोंड उघडायच्या आत ती उठली, आत गेली आणि वाटीभर पेज घेऊन आली. "पिऊन घ्या, भाऊ. चावाले लागत नाही."

मी वाटी खाली ठेवली. "तुम्हाला दाढेचं ठाऊक होतं?"

"होता ना. तुम्ही दाना तोंडात टाकत होते अन् मंग तसाच थुकत होते. तवापासून मीच चावून पाहत होती. सुकला तं 'सुकला, सुकला' असा मोठ्यानं बायांशी बोलत होती, तुमच्या कानावर पडावा म्हणून."

पंधरा दिवस तांदूळ का चांगला निघाला ते तेव्हा समजलं. तिचं बोलणं मी बायकांची बडबड समजत होतो आणि त्याच बडबडीवर नकळत माझा अंदाज चालला होता. मी विचारलं, "काऊन केलं एवढं माझ्यासाठी?"

"तुमची बायको दोन जिवाची आहे. खोली गेली असती तं कोठी नेली असती तिले?"

"मग मी तुमचं नाव घेतलं तेव्हा बोलला का नाही? राग नाही आला?"

"आला ना! लय आला. घरी येऊन तुमच्या नावानं बोटं मोडली. म्हटला, सडून जावो याची दाढ." मग माझ्या गालाकडे बघून ती स्वतःच हसली. "सूज उतरली वाटते."

मी तिच्यापुढं हात जोडले आणि म्हणालो, उद्या माझ्याबरोबर चला, सेठांना सगळं खरं सांगतो. ती म्हणाली, तुमची खोली जाईल. मी म्हणालो, जाऊ दे. हे बोलताना भीती वाटली नाही असं नाही. पण गडावर ज्याच्या हवाली करून आलो होतो त्याच्याकडून ते परत मागून घेणं जमेना. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भांडी एका पोत्यात भरायला लागली, लागलीच निघावं लागलं तर तयारी असावी म्हणून.

सकाळी मी आणि सगुणाबाई बडे सेठसमोर उभे राहिलो. माझ्या मोडक्या हिंदीत मी सगळं सांगितलं, कालचा खाडा, दाढ, सोंग, खोटं, सगुणाबाईंचं चावणं. सेठ बाहेर लागलेल्या पोत्यांकडे बघत होते. माझं संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तो दाना अभी कौन चबाता है?"

"यही, सेठजी."

"तो यही चबाए. तू पाँव चला." आणि ते उठून गेले. माफी नाही, राग नाही. एक पोतं इकडचं तिकडं ठेवावं, तेवढंच. खोलीचा विषय निघालाच नाही. बायकोनं भांडी पुन्हा फळीवर मांडली.

तर मी पटांगणावर उतरलो, धोतर खोचून, अनवाणी. सगुणाबाई माझ्या जागी उभी होती आणि मी ओळीत शेवटचा. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हणाली, "पाय उचला, भाऊ, लग्न नोहोय!" मला ते लागायला हवं होतं तिथंच लागलं आणि मीही हसलो. दुपारपर्यंत तळव्यांना फोड आले. दोन वर्षं मी ज्या पायांवर ओरडत होतो त्यांची मला त्या दिवशी ओळख झाली.

सेठ शेवटपर्यंत बदलले नाहीत. त्यांना बदल, असं मागणं मी देवाकडे पुढं कधी मागितलंही नाही. वैशाखात मला मुलगी झाली, आणि बारशाला पहिलं झबलं-टोपरं सगुणाबाईंनी आणलं. मी आणखी तीन हंगाम त्या पटांगणावर चाललो. पाऊल टाकताना "हर" आणि ओढताना "महादेव" असं मनातल्या मनात चाले, आणि ऊन असूनही त्या तीन हंगामांइतका समाधानी मी आधी कधी नव्हतो. समर्पण म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला पुस्तकातलं काही सांगता येत नाही. सगुणाबाई "सुकला" म्हणाल्या की मी थांबत असे, आणि नाही म्हणाल्या की चालत राहत असे.