चाचीने न पाहिलेले शेवट

चाचीने आयुष्यात एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. नायिका बंदरावर जाऊन उभी राहिली, लांबून बोटीचा भोंगा ऐकू आला, की चाची ओढणी सावरत उठायची. "शेवट तू बघ गो," असं मला सांगायची आणि सरळ स्वयंपाकघर गाठायची. मग आतून भांड्यांच्या आवाजात तिचा प्रश्न यायचा, "आला का गो?" मी पडद्यावर काय झालं ते सांगायचे. त्यानंतरच ती बाहेर येऊन चहा द्यायची.

मी तेव्हा महाडच्या एका शाळेत मराठी शिकवायला नुकतीच लागले होते आणि चाचीच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. महाडात खोली बघायला गेलेला माणूस आधी भिंतीवरची पुराची रेघ बघतो आणि मग भाडं विचारतो. चाचीने खालच्या खोलीतला टीव्ही त्या रेघेच्याही वर, जवळजवळ छतालाच टांगला होता. त्यामुळे रविवार दुपारच्या सगळ्या प्रेमकथा आम्ही आकाशातलं विमान बघावं तशा माना वर करून बघितल्या. सोमवारी माझी मान एका बाजूला वळत नसे, आणि वर्गातल्या मुली म्हणायच्या, बाई आज कुणावर तरी रागावल्यात.

चाचा आखातातल्या एका बंदरात क्रेनवर होता. एकुलती मुलगी लग्न होऊन पनवेलला गेलेली. घरात चाची आणि तिची भीती, दोघीच. चाची भित्री होती आणि ते लपवायची तिला गरजही वाटत नसे. फोन अवेळी वाजला की हातातलं सगळं खाली ठेवून ती आधी भिंतीला टेकायची. जवळच्या तुडील गावचा एक ओळखीचा माणूस तिकडच्या गोदामात हात चिरडून परत आला होता. तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "दोन्ही हात दाखवा आधी." चाचा पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर करायचा आणि मोठ्याने हसायचा. ती हसायची नाही. बोटं नीट बघून झाली की मगच जेवलात का, असं विचारायची.

आमची कादंबरी एकच होती. नवरा समुद्रापार कमवायला जातो आणि बायको वर्षानुवर्षं बंदरावर वाट बघते, एवढंच कथानक. गावोगावच्या वाचनालयात कण्याला चिकटपट्टी लावून ठेवलेली असते तसली, आयांनी रडत वाचलेली आणि लेकींनी परत वाचलेली. मी ती वर्गात शिकवत असे, म्हणून तिच्यावर पडद्यावर जे जे निघालं होतं ते सगळं मला बघायचं होतं. कोणत्या दिग्दर्शकाने काय गाळलं, काय वाढवलं, यावर मी शहाण्यासारखं बोलायचे. चाचीला एकाच गोष्टीशी मतलब होता. तो येतो का, आणि येतो तर कसा येतो.

जुन्या कृष्णधवल चित्रपटात तो येतो, पण केस पिकून, आणि तिला नीट दिसेनासं झाल्यावर. मी आत तसं सांगितलं तेव्हा चाची म्हणाली, "उशिरा का होईना, आला ना? मग बस झालं." रंगीत चित्रपटात तो भर पावसात गाणं म्हणत उतरतो. मी आत तेही सांगितलं, त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टासकट, तर तिने नाक मुरडलं. "एवढा समुद्र पार करून आला नि शर्टाची इस्त्री मोडली नाय? हा कुठं कामाला गेलाच नव्हता." मालिकेत तर तो स्मृती जाऊन परतला होता, आणि महिनोन् महिने स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा राहत होता. चाचीला ते मात्र अजिबात खोटं वाटलं नाही. चाचाही सुट्टीवर आला की पहिले काही दिवस पाण्याचा तांब्या कुठे असतो ते विचारायचा, म्हणे.

"पुस्तकात काय हाय शेवटी?" तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, पुस्तकात बोट दिसते आणि कादंबरी संपते, पुढचं लेखकाने लिहिलेलंच नाही.  चाची म्हणाली, "लिहिणारा पण भ्यायला असेल गो." मी तोवर त्या शेवटाला वर्गात 'कलात्मक संयम' म्हणत आले होते. आता तो शब्द मुलींना सांगताना अडखळायला होतं.

मग मोबाइलवर त्या कादंबरीचं नवं रूप आलं. ते मी टीव्हीला जोडून लावलं. बोट लागली, माणसं उतरली, बोट रिकामी झाली. आतून प्रश्न आला आणि मी म्हटलं, "नाही आला, चाची." भांड्यांचा आवाज थांबला. ती दारात आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "हे माझ्या घरात परत लावू नको," ती म्हणाली. त्या दिवशी चहा झाला नाही.

त्याच सुमाराला चाचाने या खेपेला कायमचं परत येतो म्हणून कळवलं होतं. आणि मग त्याचे फोन थांबले. त्याच्याबरोबर राहणारे उचलायचे आणि ड्युटी बदललीये, रेंज नाही, असं काहीबाही सांगून ठेवून द्यायचे. चाची फोन उशाला, ओट्यावर, न्हाणीघराच्या खिडकीत, जिथे जाईल तिथे नेऊ लागली. मी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच दचकायचे, कारण तिच्या दारात गर्दी दिसेल अशी मला भीती वाटायची. ती आमच्यात कुणीच बोलून दाखवत नव्हतं. तो कंटाळला असेल, रागावला असेल, तिकडे दुसरं घर केलं असेल, तेवढंच असू दे, असं सुद्धा मी मनातल्या मनात देवाकडे मागून बघितलं.

एका दुपारी बेल वाजली. चाची भाकऱ्या थापत होती, म्हणून दार मी उघडलं. तुडीलचाच एक तरुण उभा होता, चाचाच्या खोलीत राहणारा. हातात नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेली बॅग आणि तिच्यावर जाड काळ्या अक्षरात चाचाचं नाव. चाचा दवाखान्यात होता, मग गेला, तिकडेच दफन केलं. फोनवर सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. एवढं त्याने खालच्या आवाजात मला सांगितलं.

"आले का गो?" आतून चाचीने विचारलं.

एवढे शेवट मी तिला सांगितले होते. हा मला सांगता आला नाही. मी उत्तर देत नाही हे कळल्यावर ती पिठाच्या हातांनी बाहेर आली. बॅग बघितली, खाली बसली आणि दोरीची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना, तरी कुणाला हात लावू दिला नाही.

इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने घरातच राहायचे महिने, चालू होती, माणसं येऊन जात होती. ती जरा ओसरल्यावर एका दुपारी चाची म्हणाली, "तो न येणारा लाव." मी नको म्हटलं. "लाव गो. माझा शेवट मी कुठं बघितला? पुढं ती बाई काय करते ते तरी बघू दे." ती उठली नाही, मान वर करून बघत राहिली. नायिका रिकाम्या बंदरावरून घरी येते, चूल पेटवते, भात ठेवते. चाची एकदम म्हणाली, "थांबव. मागं घे. पातेलं लहान घेतलंय तिनं." मी मागे नेऊन दाखवलं. लहानच होतं. चाचीने ओढणी तोंडाला लावली. "मला नाय जमायचं," ती म्हणाली आणि खूप रडली.

तिला खरंच जमलं नाही. दोघांचाच भात तिच्या हातून पडायचा, आणि मी रोज खाली जेवायला लागले. माझी बदली पोलादपूरला झाली तरी खोली सोडली नाही, एसटीने ये-जा केली. शेवटी मुलगी तिला पनवेलला घेऊन गेली. जीपमध्ये बसताना ती मला म्हणाली, "संध्याकाळी कुणाला तरी जेवायला बोलव गो. एकटी बसू नको."

आता माझं घर पोलादपूरला आहे. नवरा महाबळेश्वरला शिक्षक आहे आणि रोज मोटरसायकलने आंबेनळी उतरून येतो. घाटात धुकं असतं, दरड येते, फोन लागत नाही. लग्न झाल्यापासून रोज दिवेलागणीला पनवेलहून फोन यायचा. ख्यालीखुशाली काही नाही, फक्त, "आला का गो?" मी "आला" म्हटलं की फोन बंद. अजून आला नसेल, तर ती न बोलता तशीच फोन धरून राहायची, मोटरसायकलचा आवाज येईपर्यंत.

चाची गेल्याचं तिच्या मुलीने कळवलं. आता संध्याकाळी फोन वाजत नाही. घाटाकडे ढग उतरले की मी भाताला दोघांचे तांदूळ धुते आणि स्वयंपाकघरातच थांबते. बाहेर जाऊन रस्त्याकडे बघायचं धाडस मला होत नाही.