आमचा रोशन, समुद्रपूरचा गिटारवाला

माझा नातू गेला आणि मी शिल्लक आहे.

आज वर्ष झालं. सकाळपासून फोन हातात घेऊन बसलोय. सातवी शिकलेला माणूस मी, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

रोशन गिटार वाजवायचा. ब्लूज.
नागपूरच्या एका कॅफेत सुरुवात केली, मग पुण्याच्या बँडमध्ये गेला. पोस्टरवर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत यायला लागलं होतं.

एकदा विचारलं, "ब्लूज म्हणजे का रे?"
"आबाजी, तिकडं अमेरिकेत कापूस वेचणाऱ्या लोकायचं गाणं हाय. दुःखाचं."
"आपल्या बाया तं शिव्या देत वेचतात."
"तेच तं! फक्त चालीत नाई बसवल्या."

त्याला जन्मापासून सिकलसेल, रक्ताचा आजार.
थंडी लागली की हाडं ठणकायची. बोटंसुद्धा.
तार दाबवत नसली की तो बोटात स्टीलची नळी घालून तारेवरून सरकवायचा. लोकांना तोच आवाज आवडला.
लोक टाळ्या वाजवायचे. मला वाटायचं, आज पोराची बोटं दुखून राहिली असतील.

मागच्या हिवाळ्यात डोंगरावरच्या एका फेस्टिव्हलचं बोलावणं आलं. त्याच्यासाठी सगळ्यात मोठा शो.

"लय थंडी हाय तिकडं. नको जाऊ."
"आबाजी, घरी का कमी दुखते?"
"मंग दोन स्वेटर घालजो."
"स्टेजवर? लोक म्हणतीन, भजे विकाले आला."

हसत गेला. त्याची आई, माझी सून, फाटकाशी उभी होती. तिनेही अडवलं नाही. काय सांगून अडवणार होतो आम्ही?

शो झाला. दुसऱ्या दिवशी छातीत दुखायला लागलं.
आम्ही पोहोचलो तेव्हा तो आयसीयूत होता. डॉक्टर इंग्रजीत सांगत होते, मी मान हलवत होतो. एवढंच कळलं की रक्त चढवतायत.
"माझं घ्या," म्हणालो.
वय पाहून नको म्हणाले.
तरुण असतो तरी काय उपयोग? तो आजार माझ्याच रक्तातून त्याच्यात उतरलेला.

संध्याकाळी तो गेला.

आमच्याकडे माणूस गेलं की वर्षभर घरात वाजंत्री नाही. म्हणून बँडची पोरं थांबली होती. आज पुण्याहून आली. अंगणात सामान मांडलं आणि तशीच बसून राहिली.

"आबाजी, वाजवू का?"

मी सुनेकडे पाहिलं.
"वाजवा," ती म्हणाली. "त्याचंच वाजवा."

त्याचंच गाणं सुरू केलं. मधे त्याच्या गिटारची वेळ आली, तशी गाणारा थांबला. बाकीचे थांबले. नुसता ड्रमचा ठेका चालू राहिला.

संपेचना.

मला सहन झालं नाही. ओरडलो, "अरे, भरा ना कोणीतरी ते!"

ड्रमवाला पोरगा रडत होता, पण हात थांबले नव्हते.
"आबाजी, ते रोशनचं आहे."

सून डोळे मिटून बसली होती.
ठेका चालू होता.
ती जागा भरायला कोणी आलं नाही.

जा बेटा. सांभाळून जाजो.