कान टोचलेली ग्रंथपालबाई

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तुझ्या वेळी ग्रंथालयावरची चित्रांची पुस्तकं होती का गं?" माझ्या लहानपणी नव्हती. मी नोकरीला लागल्यावर एक आलं, आणि ते मी माझ्याच हाताने जवळजवळ वाया घालवलं. फोनवर एवढं सांगून झालं नसतं, म्हणून लिहिते आहे.

साठचं दशक संपत आलं होतं. जळगावला इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, लग्न होऊन धुळ्याला आले आणि तिथल्या एका वाचनालयात सहायक म्हणून लागले. ग्रंथपालांना सगळं गाव नाना म्हणे. बालविभाग म्हणजे काचेचं एक कपाट आणि त्यापुढे अंथरलेली सतरंजी. कपाटाची किल्ली माझ्याकडे.

नानांचा एक नियम होता. नवं पुस्तक आलं की आधी बांधणीला जायचं, मगच वाचकाच्या हातात. "चार घरं फिरलं की पानं सुटतात," ते म्हणत. बाइंडर पुस्तकाला कडेने जाड दोऱ्याचा टाका घाली, तिन्ही बाजू सुरीने सारख्या करी आणि वर तपकिरी पुठ्ठा चढवी. कपाटात सगळी पुस्तकं गणवेश घातल्यासारखी उभी राहत. मला ते फार आवडे. माझा मसाल्याचा डबा तुम्ही पाहिलाच आहे.

एकदा गावातल्या कापडवाल्या शेटजींच्या मुलाने परदेशातून पुस्तकांचं पार्सल पाठवलं. त्यात हे पुस्तक होतं. एक लाजाळू मुलगी पहिल्यांदाच ग्रंथालयात जाते, एवढीच गोष्ट. पण मधलं चित्र दोन्ही पानं भरून होतं. मोठा दिवाणखाना, उघडी कपाटं, सतरंजीवर मुलं, आणि बरोबर मधोमध निळा झगा घातलेली, चष्मेवाली ग्रंथपालबाई.

मी ते चाळत होते तेव्हा माझ्या खांद्यामागून आवाज आला, "हाई बाई कोण शे?"

आठ वर्षांची मुलगी. शिंदखेड्याकडची. मामीचं बाळंतपण होतं म्हणून आईबरोबर मामाकडे आली होती आणि दुपारभर आमच्या सतरंजीवर बसून असे.

"ती ग्रंथपाल आहे," मी म्हटलं.

तिने एकदा नानांकडे पाहिलं, एकदा चित्राकडे. "बाई?"

"हो. बाई."

तिने हात पुढे केला. "माले दे ना."

आणि मी, नियमाची पक्की, म्हणाले, "अजून बांधणी नाही झाली. आठ दिवसांनी ये."

ती रोज येऊन विचारायची, "पुस्तक उनं का?" आठव्या दिवशी पुस्तक आलं. तपकिरी, ताठ, नेटकं. मी कौतुकाने तिच्या हातात दिलं. तिने थेट मधलं पान काढलं. डाव्या बाजूला मुलं, उजव्या बाजूला कपाटं, आणि मध्ये काहीच नाही. कडेच्या टाक्याने बाईचं तोंड, चष्मा, सगळं आत ओढून घेतलं होतं. मुलीने पानं दोन्ही हातांनी ताणली, एक डोळा मिटून फटीत पाहिलं.

"बाई कोठे गई?"

ती रडली नाही. पुस्तक मिटून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, उद्या दुपारच्या एस.टी.ने आम्ही गावी जाणार.

ती गेल्यावर मी नानांसमोर उभी राहिले. "नाना, हे उसवायचं आहे."

"उसवायचं? नवी बांधणी?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "लोक पुस्तकं फाडून आणतात, तुम्ही शिवलेलं फाडायला निघालात."

"तिला मीच थांबवलं होतं, नाना. ही बाई बघायला ती आठ दिवस थांबली."

नानांनी फटीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "चूक माझ्या नियमाची. पण चालत जायचं ते तुम्हीच."

पांझरा नदीच्या पुलापलीकडे बाइंडरचं दुकान होतं. आबा म्हणत त्यांना. ते चिडलेच; सगळ्याच पुस्तकांना हा टाका, आणि आजवर कोणाची तक्रार नव्हती. "बठ्ठा पुस्तकेस्ले मी हाऊच टाका मारस, ताई! आजलोंग कोणी वरडनं नही." मी चित्र दाखवलं, मुलीबद्दल सांगितलं. मग त्यांनी टाका कापला, प्रत्येक पानाच्या मुळाशी कापडाची पट्टी चिकटवली आणि टाका त्या पट्टीवर घातला. पुस्तक खळीने ओलं होतं. सकाळपर्यंत दगडाखाली राहू दे, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकराला मुलगी आली ती तोंड फुगवूनच. मी पुस्तक सतरंजीवर उघडलं. पान सपाट पसरलं. बाई परत आली होती. पण पहिल्या टाक्याची भोकं तशीच राहिली होती, घडीच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर. त्यातली दोन नेमकी बाईच्या चेहऱ्याच्या दोन्ही कडांना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलीने त्यावरून बोट फिरवलं. मग हसली आणि नानांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "तिना कान टोचेल शेतस!"

नाना उठून आले, वाकून पाहिलं. "खरंच की. मग कानात काही नको का?" त्यांनी स्वतःच्या टेबलावरची लाल पेन्सिल तिच्या हातात दिली. पुस्तकावर रेघ ओढली तर पोरांना हाकलून देणारा हा माणूस! मुलीने जीभ दातांत धरून दोन्ही भोकांभोवती एकेक लाल ठिपका काढला. कुड्या.

मग मी तिला गोष्ट मराठीत वाचून दाखवली, दोनदा. तिची आई बोचकं घेऊन दारात आली आणि "चाल वं, गाडी चुकी जाई," म्हणाली, तेव्हा कुठे ती उठली.

त्यानंतर चित्रांची पुस्तकं बांधणीला जाताना मी त्यात चिठ्ठी घालू लागले: पट्टीवर शिवणे. त्या पुस्तकापुढे रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात 'चित्र खराब' लिहायला हवं होतं. मी पेन उचललं, तर नाना म्हणाले, "खराब कुठे? दागिना चढलाय." मी रकाना कोरा ठेवला. माझ्या हातच्या रजिस्टरांत तेवढाच एक रकाना कोरा आहे.